धातूचं पाणी

लढाऊ विमानाच्या अंगावर शेकडो झाकणं असतात. एकाखाली इंधनाचा पंप, दुसऱ्याखाली हायड्रॉलिकचे पाइप, तिसऱ्याखाली वायरिंग. मोठ्या तपासणीला ती उघडतात आणि पुन्हा बसवतात. प्रत्येक झाकणाच्या कडेने बारीक स्क्रूंची दाट रांग असते. वर्षानुवर्षांची ही उघडझाक, पाऊस, समुद्रावरची खारी हवा आणि उड्डाणातला ताण यांनी एखाद्या स्क्रूच्या डोक्यातली खाच झिजते आणि तो फिरेनासा होतो. जोर लावला तर डोकं तुटून दांडा आतच राहतो. झाकण निघाल्याशिवाय आतला भाग तपासता येत नाही आणि तपासणीची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. शेकडो कोटी रुपयांचं यंत्र एवढ्याशा तुकड्यापायी हँगरमध्ये अडकून पडतं. अशा वेळी बोलावणं जातं ते धातुकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला.

वैमानिकांबद्दल आणि इंजिनांबद्दल भरपूर लिहिलं जातं. या माणसाच्या कामाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही आणि मला ती मोठी उणीव वाटते. अमेरिकन हवाई दलात या कामाचा स्वतंत्र ट्रेड आहे, ‘एअरक्राफ्ट मेटल्स टेक्नॉलॉजी’. त्यातला तंत्रज्ञ लेथ आणि मिलिंग मशीन चालवतो, ड्रॉइंग वाचून नवा सुटा भाग घडवतो आणि वेल्डिंगही करतो. पत्रा, रिव्हेट आणि कॉम्पोझिटचं काम शेजारच्या दुसऱ्या ट्रेडकडे असतं. भारतीय हवाई दलात वर्कशॉप फिटर स्मिथ आणि वर्कशॉप फिटर मेकॅनिकल हे ट्रेड याच घराण्यातले. महाराष्ट्रात या विद्येचं मोठं ठिकाण म्हणजे नाशिकजवळचं ओझर. तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही.

अडकलेला स्क्रू काढणं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दांड्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून त्यात सरळ ड्रिल उतरवावं लागतं. ड्रिल किंचित कललं तर ते स्क्रू सोडून बाजूच्या धातूत शिरतं, आणि तो बाजूचा धातू म्हणजे अनेकदा पंखाचा किंवा धडाचा मुख्य आधार असतो. म्हणून डाव्या फिरकीचं ड्रिल वापरतात. ते कापताना उलट्या दिशेने फिरत असल्यामुळे कित्येकदा दांडा आपोआप सैल होऊन बाहेर येतो. निघालेला कीस लगेच ओढून घ्यावा लागतो, कारण त्यातला एखादा तुकडा वायरिंगमध्ये किंवा इंजिनाच्या तोंडाशी गेला तर नवं संकट. भोक बिघडलंच तर ते नेमकं मोठं करून त्यात बुश, म्हणजे धातूची आखूड नळी, बसवतात. पण मोठं करायलाही मर्यादा आहे. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून सर्वसाधारणपणे भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर तरी हवा, नाहीतर कडेचा धातू फाटतो. काही बुश द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, बुडवून आकसवतात आणि मग भोकात सरकवतात. नेहमीच्या तापमानाला आले की ते फुगून घट्ट बसतात. या कामात वेल्डिंगची ठिणगीही पडत नाही, आणि या तंत्रज्ञाचा बराच दिवस अशाच कामात जातो.

वेल्डर म्हणवणाऱ्या माणसाला विमानाच्या सांगाड्यावर आर्क लावायची संधी इतकी कमी का मिळते? याचं उत्तर धातूच्या पोटात आहे.

लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा लालबुंद पोलाद पाण्यात बुडताक्षणी टणक होतं. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमला असंच पाणी देता येतं का हे पाहत होता. तांबं आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम त्याने तापवून झटकन थंड केलं, तर ते मऊच राहिलं. पण काही दिवस ठेवून पुन्हा मोजलं तेव्हा त्याचा कठीणपणा आपोआप वाढलेला आढळला. पुढे कारण उलगडलं. तापलेल्या अवस्थेत ॲल्युमिनियममध्ये विरघळलेलं तांबं झटकन थंड केल्यावर आत कोंडून राहतं आणि मग हळूहळू अतिसूक्ष्म पुंजक्यांच्या रूपात बाहेर पडू लागतं. धातूच्या स्फटिकातले थर एकमेकांवरून घसरू पाहतात तेव्हा हे पुंजके त्यांना अडवतात. ड्युरॅल्युमिन नावाने हा मिश्रधातू बाजारात आला आणि विमानांचं रूप त्याने बदललं. त्याच घराण्यातला २०२४ हा मिश्रधातू आणि जस्ताची भर घातलेला ७०७५ हे पुढे विमानबांधणीचे आधारस्तंभ झाले. जस्तवाल्या जातीचा जपानी अवतार सुमितोमो कंपनीने १९३६ मध्ये काढला आणि तो झीरो या लढाऊ विमानात वापरला गेला. अमेरिकेत अल्कोआ कंपनीचा ७०७५ हा १९४३ मधला.

आता या धातूवर आर्क लावला तर काय होतं ते पाहा. सांध्याच्या जागी धातू वितळतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा वितळला नाही तरी भाजून निघतो. ते सूक्ष्म पुंजके तिथे विरघळतात किंवा एकत्र येऊन मोठे आणि निरुपयोगी होतात. धातूचं पाणी उतरतं. शिवाय २०२४ आणि ७०७५ यांच्या काही घटकांचा वितळबिंदू बराच कमी असतो. बाकीचा धातू गोठून आकसत असताना हे घटक कणांच्या मधल्या फटींत द्रवच राहतात आणि सांधा गोठता गोठता चिरतो. वरून वेल्ड सुंदर दिसतो, आत मात्र तडा असतो. म्हणून या दोन मिश्रधातूंना रिव्हेट आणि बोल्ट लागतात. विमानाच्या पंखावर रिव्हेटच्या हजारो टिकल्या दिसतात त्या याच कारणाने. ‘इथे वेल्डिंग चालणार नाही’ हे ठामपणे सांगता येणं हा या पेशातला पहिला गुण आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठाही.

असं असलं तरी विमान आणि वेल्डिंग यांचं नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धात फोकर कंपनीची जर्मन लढाऊ विमानं वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभी होती. राइनहोल्ड प्लाट्झ हा या कंपनीत वेल्डर म्हणून लागला आणि पुढे तिच्या विमानरचनेत प्रमुख झाला. १९१८ च्या फोकर डी-७ चं श्रेय सहसा त्यालाच दिलं जातं. हे विमान इतकं गाजलं की युद्धबंदीच्या करारात जर्मनीने सोपवायच्या सामग्रीत त्याचा नावानिशी उल्लेख झाला. पुढे ॲल्युमिनियमची कातडीच भार पेलू लागली, नळ्यांचे सांगाडे लढाऊ विमानांतून मागे पडले आणि त्यांच्यासोबत वेल्डरचं महत्त्वही.

ते परत आणलं मॅग्नेशियमने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नॉर्थ्रॉप कंपनीला एक्सपी-५६ हे विमान मॅग्नेशियमचं बांधायचं होतं. मॅग्नेशियम वजनाने ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं, पण वितळताना हवा लागली की पेट घेणारं. तिथल्या व्लादिमीर पावलेच्काच्या कल्पनेवरून रसेल मेरेडिथने १९४१ च्या सुमाराला एक टॉर्च बनवली. मधोमध टंगस्टनची सुई, तिच्या टोकाशी आर्क आणि भोवती हेलियम वायूचं आवरण. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, त्यामुळे सुई शाबूत राहते, आणि हेलियम कशाशीही संयोग पावत नाही, त्यामुळे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. एक्सपी-५६ हे विमान काही यशस्वी ठरलं नाही, पण टॉर्च जगभर गेली. पुढे हेलियमच्या जागी स्वस्त आर्गन आला. आज भोसरीपासून सातपूरपर्यंतच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांना जे ‘आर्गन वेल्डिंग’ मारलं जातं, ते या मॅग्नेशियमच्या लढाऊ विमानापासून आलेलं आहे.

जेट विमानात वेल्डिंगचं मुख्य ठिकाण म्हणजे जिथे उष्णता आहे ते. इंजिनाचे ज्वलनकक्ष, धूर बाहेर सोडणाऱ्या नळकांड्या, त्यांच्या भोवतीची आवरणं. इथे निकेलचे मिश्रधातू, स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम असतात. पण एक विमान असं झालं की ज्याचा सगळा सांगाडाच मुख्यतः वेल्डिंगने उभा राहिला. ते सोव्हिएत मिग-२५.

ध्वनीच्या पावणेतीन पटीहून जास्त वेगाने उडताना हवेच्या घर्षणाने आणि दाबाने विमानाचं अंग ठिकठिकाणी ३०० अंशांच्या आसपास तापतं. त्या तापमानाला ॲल्युमिनियमचा निभाव लागत नाही. टायटॅनियम महाग होतं आणि त्याचे पातळ पत्रे वेल्ड करणं त्या काळी फार अवघड होतं. सोव्हिएत अभियंत्यांनी निकेलयुक्त पोलाद निवडलं. सांगाड्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पोलाद, टायटॅनियम जेमतेम ९ टक्के. १९६४ मध्ये त्याचा नमुना उडाला. ६ सप्टेंबर १९७६ ला वैमानिक व्हिक्टर बेलेंको हे विमान घेऊन जपानमधल्या हाकोदाते विमानतळावर उतरला आणि अमेरिकन तज्ज्ञांनी ते खोलून पाहिलं. टायटॅनियमची अपेक्षा असलेल्यांना पोलाद दिसलं, आणि काही ठिकाणी हाताने मारलेले वेल्ड. पाश्चात्त्य नियतकालिकांत त्याची टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते. उपलब्ध धातू, उपलब्ध कारागीर आणि गाठायचा वेग यांचा इतका चोख मेळ फार थोड्या विमानांत दिसतो. आपल्या हवाई दलाने हेच विमान ‘गरुड’ नावाने १९८१ ते २००६ अशी पंचवीस वर्षं बरेलीहून टेहळणीसाठी वापरलं.

टायटॅनियमची गोष्ट याच्या उलट. हा धातू ताकदीला पोलादाच्या जवळ जातो आणि वजनाला जवळपास निम्मा भरतो, पण ४५०-५०० अंशांच्या पुढे तो ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषू लागतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. त्यामुळे टॉर्चमधून येणारा आर्गन पुरत नाही. वेल्डच्या मागच्या बाजूलाही आर्गन सोडावा लागतो आणि पुढे सरकलेल्या टॉर्चच्या मागे, थंड होत असलेल्या भागावरही. हवा शिरली की नाही हे रंगावरून कळतं. वेल्ड चांदीसारखा लखलखीत असेल तर उत्तम. फिकट पिवळसर असेल तर सहसा चालतो. निळा पडला तर संशय घ्यायचा. करडा किंवा पांढरी भुकटी धरलेला असेल तर तो भाग कापून टाकायचा. इथे वरून घासून चकाकी आणणं हा गुन्हाच, कारण रंग पुसला तरी ठिसूळपणा आतच राहतो.

लॉकहीडच्या कारखान्यात ए-१२ आणि एसआर-७१ ही विमानं जवळजवळ संपूर्ण टायटॅनियमची बांधली गेली, तेव्हा एक कोडं पडलं होतं. उन्हाळ्यात स्पॉट वेल्ड केलेले पंखांचे भाग लवकर निकामी होत, हिवाळ्यातले टिकत. शोध घेतल्यावर दोष पाण्याचा निघाला. कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराच्या नळाच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात जास्त क्लोरीन घालत, आणि भाग धुताना ते क्लोरीन टायटॅनियमला बाधत होतं. शुद्ध केलेलं पाणी वापरायला लागल्यावर प्रश्न मिटला. दुसरा शत्रू कॅडमियम. पान्यांवर गंज लागू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा असे. त्या पान्यांनी आवळलेल्या टायटॅनियमच्या बोल्टची डोकी तापल्यावर तुटून पडत. शेवटी असे सगळे पाने कारखान्यातून हद्दपार करावे लागले.

अशा अनुभवांतूनच आजच्या वर्कशॉपचे नियम आले आहेत. ॲल्युमिनियम, पोलाद आणि टायटॅनियम यांचे तारेचे ब्रश वेगळे असतात आणि त्यांची अदलाबदल होत नाही. फिलरची सळई कोणत्या ग्रेडची आहे हे तिच्यावरच्या खुणेवरून पाहिल्याशिवाय ती उचलायची नाही. हाताचं तेलही सांध्याला लागू नये म्हणून स्वच्छ हातमोजे घालून, ॲसिटोनने पुसून मगच काम सुरू होतं.

अमेरिकेच्या एफ-१४ विमानात दोन्ही हलत्या पंखांना जोडणारी पेटी टायटॅनियमची होती, सुमारे २२ फूट रुंद, आणि ती निर्वात कक्षात इलेक्ट्रॉनच्या झोताने वेल्ड केली जाई. हवाच नाही म्हटल्यावर दूषित व्हायची भीती नाही. सुखोई-३० मध्येही टायटॅनियमचे मोठे वेल्ड केलेले भाग आहेत. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभ्या राहिलेल्या ओझरच्या कारखान्याने २००४ पासून सुखोई-३० एमकेआय हवाई दलाला द्यायला सुरुवात केली. या विमानाच्या पूर्ण ओव्हरहॉलची जबाबदारीही पुढे ओझरवरच आली आणि ११ बेस रिपेअर डेपोने असं पहिलं विमान एप्रिल २०१८ मध्ये हवाई दलाच्या हवाली केलं.

ओव्हरहॉलमध्ये तडे शोधण्याला वेल्डिंगइतकंच महत्त्व आहे. भागावर चमकणारं द्रव लावून पुसतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. भेगेत शिरलेलं द्रव हिरव्या रेषेने उठून दिसतं. पोलादासाठी चुंबकीय कण, खोलवरच्या दोषांसाठी एक्स-रे आणि अल्ट्रासाउंड. २२ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत एका एफ-१११ विमानाचा पंख उड्डाणातच तुटला आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. पंखाच्या बिजागरीच्या पोलादात फोर्जिंगच्या वेळचाच एक तडा होता आणि तो तपासणीतून निसटला होता. विमान जेमतेम शंभर तास उडलेलं होतं. धातूत दोष असणारच असं धरून चालायचं आणि तो किती वेगाने वाढेल याचा हिशेब करून तपासणीची वेळ ठरवायची, ही पद्धत अमेरिकन हवाई दलात रुजली त्यामागे हा अपघात होता. नोव्हेंबर २००७ मध्ये एका एफ-१५ चे हवेतच दोन तुकडे झाले. वैमानिक वाचला. विमानाच्या कॉकपिटलगतची लांब आधारपट्टी कारखान्यातच ठरल्यापेक्षा पातळ कापली गेली होती. विमान पंचवीसेक वर्षं उडत राहिलं आणि तो दोष तेवढा काळ आत दबा धरून होता. मशीनवर एक मिलिमीटरही जास्त न कापणं किती गंभीर गोष्ट आहे हे मला या घटनेइतकं दुसऱ्या कशातून जाणवलेलं नाही.

या माणसाला प्रमाणपत्र मिळतं तेही ‘वेल्डर’ असं सरसकट नाही. कार्बन स्टील, स्टेनलेस, निकेल, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम अशा एकेका गटाची वेगळी परीक्षा असते. तुकडा वेल्ड करायचा, त्याचा एक्स-रे निघतो, तो कापून पाहतात, आणि ठरावीक काळाने सगळं पुन्हा. ॲल्युमिनियमला हात बसायला वेळ लागतो. ते ६६० अंशांना वितळतं पण त्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांपलीकडे. म्हणून एसी करंट वापरतात, त्याच्या अर्ध्या फेरीत ती साय फुटते. शिवाय ॲल्युमिनियम पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही. क्षणापूर्वी घट्ट असलेला पत्रा क्षणात खाली गळतो. पायाने पेडल दाबून करंट कमीजास्त करायचा, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात सळई, आणि सुई वितळलेल्या धातूला टेकू द्यायची नाही.

धोके मोजून सांगायला हवेत. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. कॅडमियमचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर निघणारी वाफ जीवघेणी ठरू शकते. मॅग्नेशियमच्या किसाला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, त्याने ती भडकते. तिथे कोरडी खास भुकटी लागते. धूर ओढून घेणारा पंखा आणि श्वसनाचा मास्क यांबाबत कुठल्याही वर्कशॉपने केलेली कंजूषी क्षम्य नाही.

नवी तंत्रंही आली आहेत. ब्रिटनच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये फ्रिक्शन स्टर वेल्डिंग शोधलं. फिरतं हत्यार दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून धातू न वितळवताच मऊ करून घुसळायचा. न वितळल्यामुळे गोठतानाचे तडे पडत नाहीत, आणि २०२४ व ७०७५ हेही जोडता येतात. काही सुटे भाग आता धातूच्या भुकटीतून थरावर थर देत छापले जातात. तरीही अडकलेला स्क्रू हातानेच काढावा लागतो.

महाराष्ट्रात आयटीआयचा वेल्डर ट्रेड करणारी मुलं-मुली हजारोंनी आहेत. ओझरच्या कारखान्यात आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात आणि हवाई दलातल्या सैनिकांची भरती आता मुख्यतः अग्निपथ योजनेतून, ‘अग्निवीर वायू’ म्हणून होते. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगणं आहे. आर्गन वेल्डिंगचा सराव टाळू नका, ड्रॉइंग वाचायला शिका, आणि ज्या तुकड्यावर हात बसवताय त्याचा ग्रेड कोणता आणि त्याला उष्णता दिली की आत काय होतं, हे निदेशकांना दर वेळी विचारा.